सेल टिकवायचा तर

ब्रिटनमध्ये १ जून २०२५पासून एकदा वापरून फेकून द्यायच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी आली. त्याआधी, २०२३मध्ये, ‘मटेरियल फोकस’ या तिथल्या संस्थेने एक अंदाज प्रसिद्ध केला होता : देशात दर आठवड्याला सुमारे ५० लाख असे व्हेप टाकून दिले जातात. जाडसर पेनाएवढी रंगीत नळी, आत निकोटिन मिसळलेला द्रव, तो तापवून वाफ करणारी तारेची कॉइल आणि कॉइलला वीज पुरवणारा एक लिथियम-आयन सेल. द्रव संपला की सगळे एकदम कचऱ्यात.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी असे व्हेप फोडून आतले सेल काढले आणि प्रयोगशाळेत ते पुन्हापुन्हा चार्ज करून रिकामे केले. यातले काही सेल ७००हून जास्त फेऱ्या झाल्यावरही मूळ क्षमतेच्या ९० टक्क्यांवर टिकून होते. उत्पादकाने त्यांना एका फेरीचेच काम दिले होते, कारण यंत्राला चार्जिंगची सोयच नव्हती.

आता दुसरी बाजू. पुन्हापुन्हा भरता येणारे, चार्ज करता येणारे महागडे व्हेप वापरणाऱ्यांची कायमची तक्रार अशी, की नवा सेल सहा-आठ महिन्यांत ढेपाळतो. सकाळी भरलेला दुपारी संपतो, हातात धरवत नाही इतका तापतो. रसायन तेच, बनावट तितकीच किंवा अधिक चांगली. तरी एक सेल ७०० फेऱ्यांनंतर ठणठणीत आणि दुसरा २००मध्ये म्हातारा. फरक पडतो तो सेलकडून काम कसे करून घेतले जाते यामुळे. व्हेप हे सेलसाठी फार कडक घर आहे, आणि म्हणूनच सेलचे आयुष्य कशाने घटते हे तिथे जितके स्पष्ट दिसते तितके मोबाइलमध्ये दिसत नाही.

या मोठ्या व्हेपना, वापरणाऱ्यांच्या भाषेत ‘मॉड’ना, बहुधा १८६५० नावाचा सुटा सेल लागतो. नावातच माप आहे : व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत असे सहा-आठ सेल ओळीने बसवलेले असत. टेस्लाच्या २००८मधल्या पहिल्या ‘रोडस्टर’ गाडीत याच मापाचे ६,८३१ सेल होते. चांगल्या प्रतीचे टॉर्च, हेडलॅम्प, पॉवर बँक, ब्लूटूथ स्पीकर, यांतही बऱ्याचदा हाच निघतो. त्यामुळे पुढचे सगळे व्हेपबद्दल असले तरी ज्याने आयुष्यात व्हेप पाहिलेला नाही त्याच्याही कामाचे आहे.

लिथियम-आयन सेलच्या आत लांब पट्ट्यांची एक घट्ट गुंडाळी असते. एका पट्टीवर ग्रॅफाइट, दुसरीवर कोबाल्ट, निकेल, मँगनीज अशा धातूंचे ऑक्साइड, मध्ये सच्छिद्र प्लॅस्टिकचा पातळ पडदा आणि सगळीकडे मुरलेला सेंद्रिय द्रव. चार्ज करताना लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघून ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. वापरताना उलट फिरतात. काहीही जळत नाही, काहीही वितळत नाही, नुसती ये-जा. तत्त्वतः ही ये-जा अनंत काळ चालायला हरकत नव्हती.

हरकत येते ती ग्रॅफाइट आणि द्रव यांचे एकमेकांशी पटत नाही म्हणून. भरलेल्या ग्रॅफाइटला टेकताच द्रवाचे विघटन होते आणि ग्रॅफाइटवर एक अतिसूक्ष्म थर जमतो. कारखान्यात पहिल्याच चार्जिंगला तो मुद्दाम हळूहळू जमवला जातो. बिडाच्या नव्या तव्याला तेल लावून, तापवून आपण जसा काळा थर चढवतो, तसेच हे. थर पातळ आणि अखंड असला तर तो खालच्या ग्रॅफाइटला सांभाळतो. पण तो दर फेरीला किंचित वाढत राहतो. आयन आत शिरले की ग्रॅफाइट फुगते, निघाले की आक्रसते. त्यात थराला भेगा जातात आणि भेगा बुजवायला नवा थर लागतो. या थराला लागणारे लिथियम येते ते सेलमधल्या मोजक्या साठ्यातूनच. एकदा थरात अडकलेले लिथियम पुन्हा कामाला येत नाही.

म्हणजे सेलचे वय ही हिशेबाची गोष्ट आहे. कॅनडात हॅलिफॅक्स इथल्या डलहौसी विद्यापीठातील जेफ डान यांनी हा हिशेब अतिशय बारकाईने मोजण्याची पद्धत रुळवली. समजा, दर फेरीला आत गेलेल्या लिथियमपैकी ९९.९ टक्के परत मिळते. ऐकायला उत्तम वाटते. पण २०० फेऱ्यांनंतर उरते फक्त ८२ टक्के. तेच प्रमाण ९९.९९ टक्के असेल तर ८२ टक्क्यांवर यायला २,००० फेऱ्या लागतात. चिमूटभर गळतीत दहापट आयुष्याचा फरक. सेल सांभाळायचा म्हणजे ही गळती जिथे जिथे वाढते तिथे तिथे ती अडवायची, बाकी काही नाही.

गळती वाढवणाऱ्या गोष्टी तशा थोड्याच आहेत. पहिली, उष्णता. कोणतीही रासायनिक क्रिया तापमानाबरोबर वेग घेते आणि नको असलेल्या क्रिया त्याला अपवाद नाहीत. दर १० अंशांना वेग साधारण दुप्पट, असा ढोबळ ठोकताळा अभियंते वापरतात. दुसरी, पूर्ण भरलेल्या अवस्थेत पडून राहणे. ४.२ व्होल्टला सेल काठोकाठ भरलेला असतो. त्या अवस्थेत ग्रॅफाइट सर्वांत चिडलेले असते आणि ऑक्साइडच्या बाजूलाही द्रव सडू लागतो. तिसरी, अगदी तळ गाठणे. २.५ व्होल्टच्या बरेच खाली गेले की ग्रॅफाइटखालची तांब्याची पट्टी विरघळू लागते. असा सेल परत चार्ज केला तर विरघळलेले तांबे नको तिथे साचते आणि आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती असते. चौथी, झेपणार नाही इतका प्रवाह ओढणे. आणि पाचवी, जी आपल्याकडे क्वचितच संभवते : गोठणबिंदूखाली चार्ज करणे. थंडीत आयनांना ग्रॅफाइटमध्ये शिरायला वेळ लागतो आणि मग ते बाहेरच धातूरूपात साचतात. टोरोंटोत किंवा म्युनिकमध्ये राहणाऱ्या वाचकांनी बाहेरून आणलेला बर्फगार सेल तास-दोन तास घरात ठेवून मगच चार्जरवर लावावा.

धातूरूपात साचलेले लिथियम काय करते याचा एक धडा इतिहासात आहे. ब्रिटिश कोलंबियातील मोली एनर्जी ही कंपनी १९८०च्या दशकात शुद्ध लिथियम धातूचे सेल बनवत होती. जेफ डान तेव्हा तिथेच नोकरीला होते. १९८९मध्ये जपानमधल्या मोबाइल फोनमध्ये या सेलना आगी लागल्या आणि माल परत घ्यावा लागला. दोनच वर्षांनी, १९९१मध्ये, सोनीने धातूऐवजी फक्त आयनांवर चालणारा सेल बाजारात आणला आणि पुढचे जग त्यावर उभे राहिले. मोली संपली मात्र नाही. आज तैवानी मालकीखाली ‘मोलिसेल’ या नावाने ती सेल बनवते, आणि व्हेपवाल्यांमध्ये आज ज्या सेलना भरवशाचे मानतात त्यांत मोलिसेल आहे.

आता व्हेपकडे वळू. मोबाइल चालताना जेमतेम एखादा अँपिअर ओढतो, बहुतेक वेळा त्याहूनही कमी. व्हेपला मात्र दोन-चार सेकंदांत तार लालबुंद करायची असते. गणित शाळेतले आहे, ओमच्या नियमाचे. कॉइलचा रोध ०.५ ओम असेल तर ४.२ व्होल्टच्या सेलमधून ८.४ अँपिअर जातात. हौशी माणूस ‘ढग मोठा हवा’ म्हणून ०.१५ ओमची कॉइल बसवतो; प्रवाह होतो २८ अँपिअर. या मापाचे अस्सल सेल सलग २०-२५ अँपिअर देण्यासाठी बनवलेले असतात, फार तर ३०. त्यापुढचे ४० अँपिअर वेष्टणावर छापलेले असते तेवढेच.

ज्या यंत्रात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आहे तिथे ही चिंता नाही, असा समज आहे. उलट तिथेच एक मेख आहे. अशा यंत्रावर तुम्ही वॉट ठरवता, समजा ६०. सेल भरलेला असताना, ४.२ व्होल्टला, यंत्र सुमारे १४ अँपिअर ओढते. सेल उतरत ३.२ व्होल्टवर आला की त्याच ६० वॉटसाठी जवळजवळ १९ अँपिअर लागतात, आणि यंत्रातच वाया जाणारी वीज धरली तर २०च्या पुढे. सेल जितका दमलेला, तितके ओझे जास्त. पडद्यावर मात्र शेवटपर्यंत ६०च दिसतात. म्हणून सेलची खरी परीक्षा सुरुवातीला होत नाही, शेवटच्या पाव भागात होते. पाव उरला असताना चार्जरला लावण्याची सवय ठेवली तर ही सगळ्यांत वाईट वेळ टळते.

प्रवाहाबरोबर उष्णता वर्गाने वाढते, हा दुसरा हिशेब. चांगल्या सेलचा अंतर्गत रोध २० मिलिओमच्या आसपास धरू. १० अँपिअर ओढले तर सेलच्या पोटात २ वॉट उष्णता तयार होते. २० ओढले तर ४ नव्हे, ८ वॉट. सेल जुना झाला की अंतर्गत रोध वाढतो, म्हणजे तेच काम करताना तो अधिक तापतो, तापला की अधिक वेगाने जुना होतो. हे चक्र एकदा सुरू झाले की शेवट जवळ आला असे समजावे.

म्हणूनच दोन सेलचे यंत्र एका सेलच्या यंत्रापेक्षा शहाणे. ६० वॉट दोघांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला निम्मा प्रवाह येतो आणि प्रत्येकातली उष्णता चौथाईवर उतरते. एका सेलचेच यंत्र असेल तर वॉट कमी करावे किंवा जास्त रोधाची कॉइल लावावी. सेलच्या आयुष्यासाठी एवढा एक बदल बाकीच्या दहा युक्त्यांना भारी पडतो.

कंपन्या हे लपवत नाहीत. सॅमसंगच्या २५आर या गाजलेल्या सेलच्या माहितीपत्रकात जलद चार्जिंग आणि २० अँपिअरचा उपसा अशा २५० फेऱ्यांनंतर किमान ६० टक्के क्षमता उरेल, एवढीच हमी आहे. २० अँपिअर ‘चालतात’ याचा अर्थ त्यात सेलचे भले आहे असा नाही.

सेल निवडताना बहुतेक लोक एकाच आकड्याकडे पाहतात : एमएएच, म्हणजे त्यात वीज किती मावते. १८६५०च्या डब्यात मावणाऱ्या मालाला मर्यादा आहे. पट्ट्यांवरचा लेप जाड दिला तर साठा वाढतो, पण आयनांना आतून बाहेर यायला वाट लांब पडते आणि सेल जोराचा प्रवाह देऊ शकत नाही. लेप पातळ दिला तर प्रवाह मिळतो, साठा घटतो. पॅनासोनिकच्या एनसीआर१८६५०बी या सेलमध्ये ३,४००च्या आसपास एमएएच आहेत, पण त्याच्याकडून पाच-सात अँपिअरपलीकडे अपेक्षा करू नये. टॉर्चला उत्तम, मोठ्या व्हेपला घातक. सॅमसंगचा २५आर २,५०० एमएएच आणि २० अँपिअर देतो, एलजीचा एचजी२ ३,००० आणि २०. दोन्ही आकडे एकदम गगनाला भिडलेले सेल या मापात कोणीही बनवत नाही.

तरीही बाजारात ९,९०० एमएएच छापलेले १८६५० खुशाल मिळतात. हे सरळसरळ खोटे आहे. या मापातल्या उत्तमोत्तम सेलची मजल ३,५००-३,६००पर्यंतच जाते. अस्सल सेलचे वजन ४५ ते ५० ग्रॅमच्या दरम्यान भरते. सोनाराच्या नव्हे, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३० ग्रॅमच भरला तर आत काय आहे याची चौकशी करण्यात अर्थ नाही. दुसरा प्रकार अधिक चलाख : नामांकित कंपनीच्या दुय्यम प्रतीच्या किंवा जुन्या सेलवर नवे झगझगीत वेष्टण चढवायचे, त्यावर स्वतःचे नाव आणि वाढवलेले अँपिअर छापायचे. स्वतःच्या कारखान्यात सेल बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्या आहेत. बाकीची बरीच नावे फक्त वेष्टणावरची.

दोन सेलचे यंत्र घेतले तर सेलही जोडीनेच, एकाच वेळी, एकाच प्रकारचे, नवे घ्यावेत. त्यांच्यावर पेनने खूण करावी आणि आयुष्यभर ही जोडी फोडू नये. एक नवा, एक जुना असे एकामागे एक जोडले तर जुना आधी रिकामा होतो आणि नवा त्याच्यातूनही प्रवाह रेटत राहतो. चार्ज करतानाही एकत्र, आणि दर वेळी यंत्रात त्यांच्या जागांची अदलाबदल करावी, म्हणजे झीज सारखी होते.

चार्जिंगबद्दलच्या गैरसमजांना आपल्याकडे मोठी परंपरा आहे. ‘पहिल्यांदा आठ तास लावून ठेवा’, ‘पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करू नका’ हे सल्ले मोबाइलच्या दुकानांत वर्षानुवर्षे दिले गेले. ते आले निकेल-कॅडमियमच्या जमान्यातून. त्या सेलना अर्धवट वापराची सवय लागे आणि पुढे ते तेवढेच काम करत. लिथियम-आयनला अशी खोड नाही. त्याला अर्धवट भरणे आणि अर्धवट रिकामे करणेच मानवते. दिवसातून दोनदा थोडे थोडे भरलेला सेल, दोन दिवसांतून एकदा तळापासून काठापर्यंत भरलेल्या सेलपेक्षा जास्त वीज त्याच्या जन्मात देऊन जातो.

भरताना चार्जर आधी ठरावीक प्रवाह सोडतो, व्होल्टेज ४.२ झाले की ते तिथे धरून ठेवतो आणि प्रवाह हळूहळू कमी होऊ देतो. हा शेवटचा टप्पा रेंगाळणारा असतो आणि सेल सगळा वेळ काठाला उभा असतो. ४.२ऐवजी ४.१ व्होल्टला थांबले तर दहाएक टक्के साठा हातचा जातो, पण फेऱ्यांची संख्या ढोबळमानाने दुप्पट होते. काही चार्जरवर ही मर्यादा ठरवता येते. नसेल तर थोडे आधी काढून घ्यावे. आयफोन १५पासून ‘८० टक्क्यांवर थांबा’ अशी सोय आली, विजेवरच्या गाड्यांचे उत्पादकही रोजच्या वापराला हेच सुचवतात, त्याचे कारण हेच. ज्याला रोज दुपारपर्यंत पुरेल एवढी वीज लागते, त्याने ती काठोकाठ भरण्याचा हट्ट कशासाठी धरावा?

२,५००-३,००० एमएएचच्या सेलला १ अँपिअरचा चार्जर सौम्य आणि पुरेसा. सुट्या सेलसाठी स्वतंत्र, प्रत्येक खण वेगळा मोजणारा चार्जर यंत्राच्या यूएसबी खाचेपेक्षा चांगला. वापरून गरम झालेला सेल निवू द्यावा, मग लावावा. आणि झोपताना उशीशेजारी, गादीवर चार्जिंग नको. यात आयुष्याचा प्रश्न सेलचा कमी आणि झोपणाऱ्याचा जास्त आहे.

न वापरता ठेवायचे सेल अर्ध्यावर, म्हणजे ३.६ ते ३.८ व्होल्टच्या दरम्यान, थंड कोरड्या जागी ठेवावेत. साठवणीचे नेहमी दिले जाणारे ढोबळ आकडे बोलके आहेत. ४० टक्के भरलेला सेल २५ अंशांत वर्षभर पडून राहिला तर सुमारे ९६ टक्के क्षमता टिकते. पूर्ण भरून ४० अंशांत ठेवला तर वर्षाने उरते साधारण ६५ टक्के. एकही फेरी न होता तिसरा हिस्सा गेला. चंद्रपूर-अकोल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५च्या पुढे जातो आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत त्याहून बराच वर. भरलेली पॉवर बँक किंवा टॉर्च गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणे म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणे. फ्रीजमध्ये ठेवण्याची मात्र गरज नाही. बाहेर काढल्यावर दव जमते आणि नवा त्रास सुरू होतो.

आता वेष्टण. १८६५०ची रचना अशी, की वरचे छोटे बटण हे धन टोक आणि बाकी अख्खा डबा, बटणाच्या काठापर्यंत, ऋण टोक. दोघांमध्ये एक कागदी चकती आणि वरचे पातळ प्लॅस्टिक, एवढेच. प्लॅस्टिक काठाला फाटले की खिशातली किल्ली किंवा नाणे दोन्ही टोके सहज जोडते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना गोळा केल्या. त्यांत १३३ जणांना इजा झाली. सर्वाधिक, म्हणजे ६१ घटना, यंत्र किंवा सुटा सेल खिशात असताना घडल्या. ६० वापरताना, ४८ चार्जिंग चालू असताना. सुटा सेल नेहमी प्लॅस्टिकच्या डबीत न्यावा. डबी चहाच्या दोन कपांच्या पैशांत मिळते. फाटलेले वेष्टण बदलता येते, त्यासाठीची नळी गरम हवेने आक्रसून बसते. डब्यालाच पोचा आला असेल तर मात्र वेष्टण बदलून उपयोग नाही, सेल बाद करावा.

एक गोष्ट सेल बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात आणि ती फारशी कोणी ऐकत नाही. सॅमसंग, एलजी, सोनी (तिचा सेलचा धंदा २०१७मध्ये मुराताने घेतला) या सर्वांनी जाहीर केले आहे, की १८६५० सेल सुटे वापरण्यासाठी बनवलेले नाहीत. ते संरक्षक सर्किटसह बॅटरीत बसवण्यासाठी आहेत आणि व्हेपमध्ये सुटे घालू नयेत. ज्या यंत्रात कसलेच इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसते, बटण दाबले की सेल थेट कॉइलला जोडला जातो, ती यंत्रे माझ्या मते कोणीच वापरू नयेत. तिथे माणसाच्या हिशेबातली एक चूक झाकायला काहीही नसते.

भारतात हा सगळा प्रश्न कायद्याने वेगळा सोडवला आहे. १८ सप्टेंबर २०१९ला केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, जाहिरात, सगळे बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षे आणि पाच लाख. साठा केल्यास सहा महिने किंवा ५० हजार किंवा दोन्ही. लंडनहून किंवा दुबईहून सुटीला येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. तिथे दुकानात उघड मिळणारी वस्तू मुंबईच्या विमानतळावर गुन्ह्याचा पुरावा ठरते. वटहुकूम निघाला त्यानंतर तीन आठवड्यांनी, ९ ऑक्टोबरला, लिथियम-आयन सेलच्या जनकांना, म्हणजे गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, नोबेल मिळवणारे सर्वांत वयस्क. सेलच्या दीर्घायुष्याचा विषय निघालाच आहे म्हणून आठवण.

व्हेप गेले, तरी सेल आपल्या घरात आहेच. रात्रपाळीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला जाणारा शेतकरी डोक्याला हेडलॅम्प बांधतो, सह्याद्रीत रात्रीचा ट्रेक करणारे बांधतात. तिथे प्रवाह थोडा असतो, त्यामुळे सेल वर्षानुवर्षे टिकायला हवा; तो मरतो तो बहुधा पूर्ण विझेपर्यंत वापरून, तसाच महिनोन्‌महिने खुंटीला टांगून ठेवल्याने. उजेड मंद झाला की बंद करावा आणि त्याच दिवशी चार्ज करावा. पावसाळाभर ट्रेक बंद असतील तर अर्धा भरून ठेवावा. पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल स्वस्तात मिळतात. हौसेने घ्यायचे तर मल्टिमीटर बरोबर न्यावा. २ व्होल्टच्या खाली उतरलेला सेल फुकट दिला तरी घेऊ नये. बाकीचे भरून आठ-पंधरा दिवस ठेवावेत. ज्याचे व्होल्टेज आपोआप ठळकपणे उतरते त्याच्या आत कुठेतरी गळती आहे. आणि लॅपटॉपमधून निघालेला सेल जोराच्या प्रवाहासाठी बनलेलाच नसतो, त्यामुळे तो टॉर्चच्या पलीकडे नेऊ नये.

विमानप्रवासात सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँक हाताच्या सामानातच न्यायच्या असतात, पोटातल्या सामानात नाही. आग लागलीच तर केबिनमध्ये ती दिसते आणि विझवता येते.

सेल निवृत्त केव्हा करायचा? क्षमता ८० टक्क्यांवर आली की उत्पादक त्याला थकलेला मानतात, पण टॉर्चसाठी तो अजून बराच काळ चालतो. मोठा प्रवाह ओढणाऱ्या यंत्रातून मात्र तेव्हाच काढावा. पूर्वी न तापणारा सेल आता चार्ज होताना गरम होत असेल, भरायला फार वेळ किंवा संशयास्पद रीतीने फार कमी वेळ घेत असेल, वास येत असेल, डबा फुगला किंवा चेपला असेल, तर चर्चा नको.

भारतात २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. प्रत्यक्षात बहुतेक सेल ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबरच जातात. कचरागाडीच्या दाबयंत्रात चेपलेला सेल पेट घेऊ शकतो आणि ‘संपलेल्या’ सेलमध्येही त्यापुरती वीज शिल्लक असते. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेतल्या महिला हा कचरा हाताने वेगळा करतात. तेव्हा टाकायच्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, तो वेगळ्या डब्यात ठेवा आणि ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रावरच नेऊन द्या.